दादूसचा दम

"जेवलात का?"

माइक हातात आला की त्याचं पहिलं वाक्य हेच. 'हॅलो, माइक टेस्टिंग' नाही, 'नमस्कार मंडळी' नाही. सकाळचे नऊ असोत नाहीतर भर दुपार असो, मैदानाच्या चारही कोपऱ्यांना लावलेल्या कर्ण्यांतून तो सगळ्या गावाला विचारायचा, "जेवलात का?" आणि थांबायचा. खरंच उत्तराची वाट बघायचा. सीमारेषेवरचा एखादा पोरगा मान हलवायचा, कुणी लांबून हात वर करायचं. मग हा म्हणायचा, "नसाल जेवलात तर आत्ताच जेवून या. नंतर हरलेल्यांना घास उतरनार नाय."

डोंबिवली पूर्वेला मानपाड्यावरून पुढे गेलात तर टॉवरांच्या मधेमधे जुनी गावं अजून दिसतात. एका बाजूला कंपन्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला वीस-बावीस मजल्यांच्या इमारती, आणि मधे देवळाचा कळस, त्याच्या शेजारी रंगीबेरंगी तीनमजली घरं आणि एक मोकळं मैदान. दिवाळीनंतर त्या मैदानावर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात ते पार मे संपेपर्यंत. त्या सामन्यांचं समालोचन हा करायचा. आमच्याच गावात नाही, कल्याणपासून दिव्यापर्यंत जिथे म्हणून सामने भरायचे तिथे त्याला बोलावणं असायचं.

गावात त्याला सगळे दादूस म्हणायचे. आगरी घरात मोठ्या भावाला दादूस म्हणतात. हा चार भावांत शेंडेफळ, तरी दादूस. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बायकाही त्याला दादूसच म्हणायच्या. असं कसं, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "लहानपनापासून मी सगल्यांना दम देत आलोय. दम देनारा मोठाच असतो."

आमची ओळख भांडणातून झाली, म्हणजे व्हायची होती. माझी बायको ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. दादूसच्या कुटुंबाची भातशेती जिथे होती तिथे आता आमची इमारत आहे, हे मला नंतर कळलं. नवीनच राहायला आलो होतो. एका रविवारी बायको रात्रपाळी करून आली, अंथरुणाला पाठ टेकली आणि बरोबर आमच्या खिडकीसमोरचा कर्णा सुरू झाला. मी तावातावाने खाली उतरलो. मंडपात पांढरी टोपी घातलेला, बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, छातीने रुंद माणूस खुर्चीत न बसता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्यानेच बोलत होता. मी माझी तक्रार सांगितली. त्याने माइकवर तळवा ठेवला, सगळं ऐकून घेतलं, "कुठल्या मजल्यावर?" असं विचारलं आणि तळवा काढून कर्ण्यांवरूनच हुकूम सोडला, "तो बिल्डिंगच्या बाजूचा कर्णा काढा रं. आपल्या नर्सताई रात्रभर लोकांची सेवा करून आल्यात. चौथ्या मजल्यावर झोपल्यात. कोनी शिटी मारायची नाय."

माझी बायको झोपली आहे ही बातमी अशा रीतीने दोन-अडीच हजार माणसांना कळली. कर्णा मात्र खरंच काढला. मी वळणार तेवढ्यात त्याने मला विचारलं, "लिहिता येतं ना? मग बसा. आमचा स्कोअर लिहिनारा हळदीला गेलाय, तो काय आज शुद्धीवर येत नाय."

मी बसलो आणि पुढची नऊ-दहा वर्षं दर रविवारी बसत राहिलो. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी नोकरी करतो, कुणाला कधी काही शिकवलेलं नाही. पण लिहितो म्हणून दादूसने मला मास्तर केलं आणि गावानेही मास्तर केलं. मी त्याला अहो-जाहो करत होतो तेही त्याने महिनाभरात बंद पाडलं. म्हणाला, "तुम्ही-बिम्ही नको. घरात बसलेल्या मानसाला कोन तुम्ही म्हनतं?"

त्याचं समालोचन तुम्ही ऐकलं असतंत तर क्रिकेटचं काही कळत नसलं तरी थांबला असतात. चेंडू कंपनीच्या भिंतीपलीकडे गेला की तो सांगायचा, "हा गेला, कंपनीत कामाला लागला. आता पर्मनंट होऊनच बाहेर येईल." सामना रंगलेला असताना कुणाची मामी डोक्यावर पाटी घेऊन मैदानातून आडवी चालली, तर गोलंदाजाला थांबवून तिच्या चालीचंही वर्णन व्हायचं आणि मामीही पदर सावरून ऐटीत सीमारेषा पार करायची. सोप्पा झेल सुटला की मंडपातून शिव्या यायच्या. तेव्हा मात्र त्याचा आवाज खाली यायचा. "सुटला. सुटतो. आपल्या हातातून काय काय सुटलंय ते सांगू का सगल्यांचं?" मंडप गप्प व्हायचा आणि तो पोरगा पुढच्या चेंडूला जिवाच्या आकांताने धावायचा.

बोलणं हे त्याचं काम नव्हतं, तो त्याचा स्वभाव होता. शांतता त्याला सोसायची नाही. दोन षटकांच्या मधे मी माझा हिशोब जुळवत असलो तर तो मला ढोसायचा, "मास्तर, बोल काहीतरी." माझ्याकडे बोलायला काही नसायचं. मी मुळात कमी बोलणारा. मग तोच माझ्या वाटचं बोलायचा.

विडी-सिगारेटला तो कधी शिवला नाही. दारू हळदीपुरती. रोज पहाटे देवळामागच्या टेकाडावर चढून यायचा आणि न थांबता चढतो याचा त्याला फार अभिमान. हे सगळं सांगतोय, कारण पुढे डॉक्टरांनी हेच सगळं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणताना आमचा जीव जास्त जास्त घाबरत गेला.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता त्याला ताप आला. तेव्हा सगळ्यांनाच येत होता. अंग दुखतंय, कोरडा खोकला येतोय, एवढंच. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला, खोकला राहिला. रविवारी सामन्यांना तो आला. पहिले दोन सामने जरा बसक्या आवाजात पण व्यवस्थित पार पडले. तिसऱ्यात एकाने चेंडू उंच मारला, दादूसने "आणि हा चेंडू..." म्हटलं आणि तो थांबला. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलाय. मलाही तसंच वाटलं. चेंडू झेलला गेला, आरडाओरडा झाला, तरी याचा आवाज येईना, म्हणून मी मान वर केली. तो माइक छातीशी धरून माझ्याकडे बघत होता. तोंड उघडं होतं. काहीतरी हरवलेल्या माणसासारखे त्याचे डोळे इकडून तिकडे फिरत होते. मग एक श्वास लागला, त्यामागून दुसरा, आणि तो खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत मी त्याला त्या खुर्चीत बसलेला पहिल्यांदा पाहिला.

"काय नाय," तो म्हणाला. "दम लागला जरा."

दोनच दिवसांनी त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला. फोन माझ्या बायकोसाठी होता. हे जिना चढून वर आलेत आणि आता बोलता येत नाही, तुम्ही येता का, असं त्या विचारत होत्या. आम्ही दोघं गेलो. दादूस पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. खांदे वर-खाली होत होते. मला बघून हसला, पण हसण्यापुरताही श्वास त्याच्याकडे शिल्लक नव्हता. ओठांचा रंग मला जांभळट वाटला. उजेडामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बायकोने पिशवीतून ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढून त्याच्या बोटाला लावला. आकडा आला. तिने चिमटा काढला, बोट पुसलं, पुन्हा लावला. नर्सचा चेहरा सहसा काही सांगत नाही. तिचाही सांगत नव्हता. पण मी तिच्यासोबत पंधरा वर्षं राहिलोय. ती उठून वहिनींना म्हणाली, "कपडे नंतर आणा. आत्ता निघायचं."

डोंबिवलीतल्या हॉस्पिटलात छातीचा फोटो काढला. मी फोटोतलं काही समजणारा माणूस नाही, पण फुफ्फुसं काळी दिसायला हवीत एवढं ऐकून होतो. इथे दोन्ही बाजूंना धुकं पडल्यासारखं पांढरं होतं. न्यूमोनिया असेल म्हणून औषधं सुरू झाली. क्षयाची तपासणी केली, क्षय नाही. मागच्या साथीतला आजार आहे का ते पाहिलं, तोही नाही. हृदय तपासलं, ते उत्तम. एकेक तपासणी 'नाही' म्हणून परत यायची आणि आम्ही नातेवाइकांना फोन करून सांगायचो, हे नाहीये, तेही नाहीये. सुरुवातीला हे सांगताना बरं वाटायचं. मग लक्षात आलं, की आजार तर वाढतोच आहे, फक्त त्याला नाव नाही. सकाळी साध्या नळीने पुरणारा ऑक्सिजन संध्याकाळी मोठ्या मास्कनेही पुरेना. इथल्या डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं, आमच्या आवाक्यातलं नाही हे, ठाण्याला न्या.

अँब्युलन्समध्ये त्याच्याजवळ मी आणि एक तरुण डॉक्टर होतो. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी. कल्याण-शीळ रस्ता तुम्हाला ठाऊक असेल. मधे मेट्रोचं काम, दोन्ही बाजूंना कंटेनर. शीळफाट्याला आम्ही अडकलो. सायरन वाजत होता आणि कुणी हलत नव्हतं, कारण हलायला जागाच नव्हती. डॉक्टर वारंवार सिलिंडरवरच्या काट्याकडे बघत होते. त्यांनी बघितलं की मीही बघायचो. दादूसने ते पाहिलं. मास्कच्या आतून त्याने माझ्याकडे पाहत भुवया उंचावल्या, म्हणजे, पुरेल ना? मी मान हलवली. मला काही माहीत नव्हतं. त्याने माझं मनगट पकडलं ते मुंब्र्याचा बायपास संपून खाडीचा पूल येईपर्यंत सोडलं नाही. पकड अजून मजबूत होती. एवढी ताकद असलेला माणूस असा कसा बुडत चाललाय, हेच मला समजत नव्हतं. पाणी कुठेच नव्हतं आणि तो बुडत होता.

ठाण्याचं हॉस्पिटल माजिवड्याच्या नाक्याजवळ. तिथल्या फुफ्फुसांच्या डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला, म्हणजे वहिनी, थोरला भाऊ आणि मला, समोर बसवून सांगितलं. फुफ्फुसात श्वासाच्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांच्या भिंतींना सूज आली आहे. जंतूंमुळे नाही. सूज फार वेगाने पसरते आहे, भिंती जाड होताहेत, म्हणून ऑक्सिजन कितीही दिला तरी रक्तापर्यंत पोचत नाही. हा आजार फार थोड्या लोकांना होतो. धडधाकट माणसालाही होतो. स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन बघू. काही जण यातून बाहेर येतात, बरेच येत नाहीत.

वहिनींनी पदर तोंडाशी धरून विचारलं, "पन कशानं झालं?"

"माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगत नाही असं नाही. कुणालाच माहीत नाही. आजाराला नाव आहे, कारण सापडलेलं नाही."

"आमच्या हातून काय झालंय का?"

"नाही. आणि हा एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. हे नीट लक्षात ठेवा आणि घरी सांगा."

घरी सांगितलं. पण गावाला कारण हवं होतं. कुणी म्हणालं, कंपनीने रात्रीचा गॅस सोडला, त्याचा हा परिणाम. मग इतरांना काही का झालं नाही? कुणी कबुतरांवर ढकललं, कुणी मैदानातल्या धुळीवर. एका म्हाताऱ्याने, बांधावरचा देव इमारत बांधताना हलवला होता ते काढलं. वहिनींच्या जावेने नारळ देऊन ठेवला. हे सगळं ऐकताना मला राग येत नव्हता. कारण सापडलं असतं तर मीही सुखाने झोपलो असतो. कंपनी असती तर गाव सोडलं असतं, धूळ असती तर मैदानावर गेलो नसतो. काहीच कारण नाही म्हटल्यावर माणसाने लांब तरी कशापासून राहायचं?

मग लोक त्या घरापासूनच लांब राहायला लागले. आमच्या गावाने मागच्या साथीत माणसं गमावली आहेत, एकाच आळीतली दोन सख्खी भावंडं आठवड्याच्या अंतराने गेलेली आहेत. खोकला, ऑक्सिजन, ठाण्याचं हॉस्पिटल, हे शब्द कानावर पडले की गाव आजही घाबरतं. दादूसच्या घरातले भाडेकरू गावी जातो म्हणून गेले. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जायला लागला. वहिनींची सख्खी बहीण फाटकापर्यंत आली आणि बाहेरूनच बोलून गेली. वहिनी मला सांगताना म्हणाल्या, "ती रडत होती, भाऊ. पन आत नाय आली."

माझं तरी वेगळं काय होतं? मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेला, अँब्युलन्समध्ये त्याचा हात धरलेला माणूस. लागत नाही हे मी डॉक्टरबाईंच्या तोंडून ऐकलं होतं, बायकोनेही पुन्हा समजावलं होतं. तरी मी लिफ्ट सोडून जिन्याने चढायला लागलो, दम लागतो का ते बघायला. चौथ्या मजल्यावर पोचून उंबऱ्यात उभा राहायचो आणि स्वतःचा श्वास ऐकायचो. बायकोचा तो चिमटा दिवसातून कितीदातरी बोटाला लावून बघायचो. एकदा तिने त्यात नवीन सेल घालून ठेवले.

अतिदक्षता विभागात भेटायची वेळ संध्याकाळची. एका वेळी एकच माणूस. वहिनी आणि मी आलटूनपालटून आत जायचो. त्याला नाका-तोंडावर घट्ट पट्ट्यांनी बांधलेला मास्क लावला होता. यंत्र हवा जोराने आत ढकलायचं. बोलायचं तर त्या दोन ढकलण्यांच्या मधे बोलावं लागे, एक शब्द, फार तर दोन. एवढा बोलणारा माणूस, त्याला शब्द निवडावे लागत होते.

एके संध्याकाळी मी आत गेलो तर त्याने बोटांनी मला जवळ बोलावलं. मी कान खाली नेला.

"मास्तर," तो म्हणाला. यंत्राने हवा ढकलली. "भीती." पुन्हा हवा. "वाटते." पुन्हा हवा. "मना."

बरा होशील, असं म्हटलं तर त्याने डोळे मिटले. मग पुन्हा उघडून म्हणाला, "बोल काहीतरी."

त्याच्या खाटेच्या पायाशी एक काच होती. त्याला पडल्या पडल्या फक्त आभाळ दिसत होतं. मला खालचा माजिवड्याचा पूल दिसत होता. मी बघून बघून सांगायला लागलो. पुलावर डावीकडून एक निळा कंटेनर येतोय. त्याच्या मागे बस आहे, घोडबंदरला जाणारी असावी. एक मोटारसायकलवाला मधून घुसतोय, मागे बाई बसलीय, तिच्या मांडीवर स्टीलचा डबा आहे. पोलिसाने हात केला, पण कंटेनर थांबला नाही. आता बसवाला आणि पोलीस बोलताहेत. मला असं बोलता येत नाही. आवाज सपाट येत होता, शब्द सापडत नव्हते. दादूसने उशीवरून बोट वर करून हवेत गोल फिरवलं. मंडपात नवीन पोरगा माइकवर आला की त्याला तो अशी खूण करायचा, जरा जोर लाव. मी जोर लावला. नर्स माझ्याकडे बघून गेली. मी बोलत राहिलो, वेळ संपल्याचं कुणी येऊन सांगेपर्यंत. त्या सगळ्या वेळात त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते आणि छाती फार जोरात चालली होती.

पुढच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं. स्टेरॉइडचा उपयोग दिसत नव्हता. श्वास घ्यायला लागणाऱ्या मेहनतीनेच तो थकून जाणार होता. घशातून नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवायचं, त्यासाठी झोपेचं औषध द्यायचं. तो शुद्धीवर होता, त्यामुळे त्याला विचारणं भाग होतं. त्या वेळी वहिनींना आणि मला दोघांनाही आत घेतलं.

त्याने सगळं ऐकलं. मग डॉक्टरबाईंना विचारलं, "परत... उठवाल?"

मला वाटलं, बाई हो म्हणतील. कुणीही हो म्हटलं असतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "उठवायचा पूर्ण प्रयत्न करीन. उठालच असं मी सांगू शकत नाही. पण नळी घातली नाही तर तुम्ही असे फार वेळ श्वास घेऊ शकणार नाही."

त्याला झोपायचं नव्हतं हे मला दिसत होतं. जागा राहिलो तर आपलं आपण काहीतरी सांभाळू, असं त्याला वाटत असावं. मग त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मानेनेच हो म्हटलं. त्याने डॉक्टरबाईंना हाताने होकार दिला आणि मास्ककडे बोट दाखवलं. बाईंना कळलं. त्यांनी एक क्षण मास्क बाजूला केला.

त्याने बायकोला नावाने हाक मारली.

मी इतकी वर्षं त्यांच्या घरी जातोय. तो त्यांना 'अगो' म्हणायचा, 'ऐकतेस का' म्हणायचा. त्यांचं नाव मला ठाऊकच नव्हतं. ते मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं आणि इथे लिहिणार नाही. नावाच्या पुढे काहीतरी सांगायचं होतं त्याला, ओठ हलले, पण हवा आली नाही. मास्क परत लावला. आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

नंतर एक दिवस बरा गेला. यंत्रावरचा ऑक्सिजन थोडा कमी करता आला, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. लगेच आशा धरू नका, असंही सांगितलं, पण ते कोण ऐकतंय? थोरल्या भावाने गावात फोन केला, देवळात आरती झाली. मी त्या संध्याकाळी लिफ्टने वर गेलो. दुसऱ्या दिवशी फुफ्फुसाला छिद्र पडलं, मग लघवी बंद झाली, मग रक्तदाब धरेना. मग एका सकाळी मी ऑफिसला जायला ठाण्याला उतरलो होतो, तेव्हा तो गेल्याचा फोन आला. त्या रविवारी तो माझ्या शेजारी माइक धरून उभा होता, त्याला पुरता महिनाही झाला नव्हता.

दुपारच्या आधी आम्ही त्याला घरी आणला. अँब्युलन्स फाटकाशी थांबली. आळीत कुणी नव्हतं. म्हणजे होते सगळे, पण खिडक्यांमध्ये होते, गॅलऱ्यांमध्ये होते, कुणी तोंडाला रुमाल लावून आपापल्या ओट्यावर उभे होते. भाऊ, पुतणे आणि मी, आम्हीच त्याला आत नेला. आगऱ्यांच्या गावात कुणी गेलं की घर माणसांनी भरतं. इथे अंगणात सतरंजी अंथरून ठेवली होती आणि तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

गावात माणूस गेला की देवळातल्या भोंग्यावरून तसं सांगायचं असतं. ते काम इतकी वर्षं दादूसच करत होता. पुतण्याला पाठवलं. तो देवळात गेला, माइक सुरू झाल्याचा खरखर आवाज आला, आणि पुढे काहीच आलं नाही. पोरगा रडत परत आला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.

"तुम्ही बसा, भाऊ," वहिनी म्हणाल्या.

त्या नवऱ्याजवळून उठल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि चालायला लागल्या. थोरल्या जावेने बाईमाणसाने देवळात माइकवर बोलायचं नसतं असं काहीतरी म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही. मी मागोमाग गेलो. देवळाच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या. माइक कसा धरायचा हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला, चारही बाजूंच्या भोंग्यांतून, टॉवरांवर आपटून परत येणारा.

"माझा मानूस गेला," त्या म्हणाल्या. "कशानं गेला ते मना माहीत नाय. डॉक्टरला पन माहीत नाय. मना पन भीती वाटते." थांबल्या. "पन ते लागत नाय कोनाला. मी रोज त्यांचा हात धरून बसलेय. मी उभी हाय. त्यांना एकट्याला नेऊ नका. या सगले."

त्यांनी माइक पुजाऱ्याच्या हातात दिला, चपला घातल्या आणि घरी आल्या. मी त्यांच्या मागे चार पावलांवर होतो. आळीतून येताना दोन्ही बाजूंची दारं उघडी होती, पण उंबऱ्यातून कुणी हललं नव्हतं. वहिनी कुणाकडे बघत नव्हत्या. त्या आत जाऊन त्याच्या उशाशी बसल्या.

मग फाटकाची कडी वाजली. त्यांची बहीण होती, तोंडावर पदर घट्ट दाबलेला. ती अंगणात येऊन उभी राहिली. आतल्या खोलीकडे बघत तिने पदर सोडला, एक मोठा श्वास घेतला, जसा पाण्यात उतरताना घेतात, आणि आत गेली. तिच्यामागून शेजारची म्हातारी आली, मग क्रिकेटची पोरं घोळक्याने आली, रुमाल बांधलेली आणि न बांधलेली. कुणीतरी वाकून सतरंजी सरळ केली. माझ्या खिशात मास्क होता, त्यावर माझा हात होता. मी तो तसाच खिशात राहू दिला आणि पोरांमध्ये जागा करून खाली बसलो.